फोटो धुतला कुणी?

आभार मानायचे राहून गेले असं पुष्कळ लोक म्हणतात. ते बहुतेक मानायचेच नसतात, म्हणून राहतात. मी भोरच्या मंडळींचे आभार तिथल्या तिथे मानले, भर सभेत आणि कोणी सांगितलं नसताना. ते का मानले हे कळायला आधी आमच्या घरातला धुण्याचा घोळ सांगायला हवा.

एकोणीसशे तिसानंतरची गोष्ट. आम्ही नसरापूरला राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि सासूबाई. हे देवी टोचायच्या खात्यात होते. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंतची खेडी आणि वरचे धनगरवाडे त्यांच्याकडे असत. गावात ह्यांची पेटी दिसली की मुलं कणगीत जाऊन बसत आणि बायका दारं लावून घेत. बाहेर असा धाक असलेला माणूस घरात मात्र अगदी गरीब. मी तापले की हे चपला पायात सरकवून अंगणात जाऊन उभे राहत. माझा राग नाकावर असे, त्यामुळे ह्यांच्या चपला लवकर झिजत.

कॅमेरा ह्यांना एका मित्राने दिला होता. साधी काळी पेटीच ती. वरच्या काचेत वाकून बघायचं आणि कळ दाबायची. ह्यांनी पहिल्या रोलमध्ये घरच्या सगळ्यांची मुंडकी उडवली आणि दुसऱ्यात स्वतःच्या अंगठ्याचे आठ फोटो काढले. मग कॅमेरा माझ्याकडे आला. फोटो धुवायच्या औषधांच्या डब्यात इंग्रजी कागद होता, तो हे वाचून दाखवत आणि मी मराठीत उतरवून घेई. अशी माझी शाळा झाली.

घरात एक बिनखिडकीची खोली होती. घरमालकांनी ती बाळंतिणीसाठी म्हणून बांधली होती. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्या खोलीची गरज पडली नव्हती. सासूबाईंनी तिथे एक पाळणा भिंतीला टेकवून ठेवला होता. फोटो धुवायला मिट्ट काळोख लागतो आणि नसरापुरात तेवढा काळोख दुसरीकडे कुठे नव्हता. शेवटी एक दिवस मी म्हटलं, "ती खोली मला द्या." दुपारी सासूबाईंनीच पाळणा उचलून माळ्यावर ठेवला आणि खोली झाडून घेतली. मला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खोली कामाला लागली याचा आनंदही झाला, आणि त्याची लाज मला कधी वाटली नाही.

त्याच वर्षी भोरच्या काही हौशी लोकांनी फोटोची आवड असणाऱ्यांचा मेळावा ठरवला. त्याचं पत्रक ह्यांनी कुठूनसं आणलं. भोर आणि वेल्हे भागातला एक फोटो पाठवायचा, निवडक फोटो शाळेच्या दिवाणखान्यात लावणार, पुण्याचे परीक्षक येणार. खाली नियम होते आणि त्यातला एक ठळक छापला होता. फोटो स्पर्धकाने स्वतः काढलेला व स्वतः धुतलेला असावा.

मी ते पत्रक चार वेळा वाचलं. आमच्या घरी माझ्या प्रत्येक फोटोला छानच म्हणत. हे तर माझ्या धाकाने म्हणत असावेत. मला एकदा परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, की हा फोटो या बाईने काढला आणि चांगला काढला. दुसरं काही नको होतं. पण ते मात्र फार हवं होतं.

मग मी एक अख्खा रोल जपून जपून काढला. बनेश्वराचं देऊळ, भाटघरच्या धरणाचं पाणी, किकवीकडची खळी, लांबून दिसणारा तोरणा. आठही फोटो कसे शहाण्या मुलांसारखे सरळ उभे. रोल कॅमेऱ्यातून काढून मी अंधाऱ्या खोलीतल्या फळीवर ठेवला आणि नदीवर जाता जाता सासूबाईंना सांगितलं, "माझा रोल धुवायचा राहिलाय. आल्यावर धुते."

परत आले तर अंगणात वलणीवर माझं लुगडं, ह्यांचं धोतर, आणि दोन्हीच्या मध्ये एक लांबलचक करडी पट्टी, वाऱ्यावर हलत असलेली.

"सूनबाई," सासूबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "तुझा तो रोल धुऊन टाकला हो. कामात काम. रिठ्याच्या पाण्यात चांगला चोळला. आत एक कागद होता, तो विरघळला मेला. आणि पट्टीचा काळपटपणा काही जाईना, तेव्हा उन्हात टाकली."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. हे अंगणात गेले आणि तिथे ती पट्टी बघून आणखी पुढे, रस्त्यावर गेले. सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. "अगं, पण तूच म्हणालीस ना, धुवायचाय म्हणून?" त्या म्हणाल्या. खरंच होतं. मीच म्हणाले होते. आपल्या भाषेत लुगडंही धुतात आणि फोटोही धुतात, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार? पण हे शहाणपण मला दोन दिवसांनी सुचलं. तोपर्यंत मी अबोला धरला होता.

तिसऱ्या दिवशी त्याच आल्या. "मला त्या खोलीत काय चालतं ते दाखव," म्हणाल्या. मी एक जुना, धुवायचा राहिलेला रोल आत नेऊन धुवायला घेतला. तांबड्या काचेचा कंदील लावला. पट्टीची दोन टोकं दोन हातांत धरून ती औषधाच्या थाळीतून खालीवर, खालीवर ओढत राहिले. हळूहळू तिच्यावर काळं पांढरं उमटायला लागलं तशा त्या पुढे वाकल्या. "हे बाई, न्हाऊ घालण्यासारखंच आहे," म्हणाल्या. मग मी माझी अडचण सांगितली. दोन्ही हात गुंतलेले, घड्याळ ह्यांच्याबरोबर फिरतीवर, वेळ मोजायची कशी? थोडं कमी झालं तर फोटो फिका, जास्त झालं तर काळाठिक्कर.

"त्यात काय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं रोजचं एक स्तोत्र होतं. दाराबाहेर बसून त्यांनी ते म्हणून बघितलं. तीन वेळा म्हणून झालं की पट्टी अगदी बरोबर उतरत असे. पुढे आमच्या लक्षात आलं की थंडीच्या दिवसांत औषध सावकाश काम करतं, आणि थंडीत सासूबाईंचा घसा बसत असल्यामुळे स्तोत्रही सावकाश चाले. त्यामुळे गणित आपोआप जुळायचं. त्या दिवसापासून त्या माझं घड्याळ झाल्या.

आता फोटो नव्याने काढायचा तर दिवस थोडे राहिले होते. ह्यांची वेल्ह्याकडची फिरती होती. मी बैलगाडीत ह्यांच्याबरोबर निघाले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा होता. तिथे ह्यांच्याआधी मीच पुढे गेले, तर सगळ्या खोपटांची दारं बंद. माझ्या हातातली काळी पेटी त्यांना टोचायची पेटी वाटली होती. फक्त एक बाई दारात उभी राहिली, माझ्याच वयाची, मानेवर नुकतं जन्मलेलं करडू टाकलेलं.

"पोरं न्हाईत घरात," ती म्हणाली. "समदी रानात गेल्याती."

आतून खोकल्याचा आवाज आला.

"ह्या पेटीत सुई नाही," मी म्हटलं. "हिच्यात चित्र उतरतं. तुमचं काढू का?"

"माजं? माज्यात काय बगायचं हाय? त्यो तोरणा काढा की. त्यो हालत बी न्हाई."

"तोरणा काढून झाला," मी म्हटलं, आणि वलणीवरची पट्टी आठवून मला हसू आलं. "तुम्ही फक्त हलू नका."

"म्या न्हाई हालत. पर ह्येला कोन सांगनार?"

तेवढ्यात करडाने तिच्या कानात तोंड घातलं. ती मोठ्याने हसली, मान कलती करून, सगळे दात दाखवून. मी कळ दाबली. उजेड कसा होता, अंतर किती होतं, काही बघितलं नाही. शहाण्या मुलांचे आठ फोटो मी तासन् तास उभी राहून काढले होते, आणि हा एका क्षणात. तरी मला तिथेच कळलं की हाच.

घरी येऊन धुतला. सासूबाईंनी बाहेर स्तोत्र म्हटलं. छापल्यावर फोटो पत्त्याच्या पानाएवढाच झाला, कारण मोठा करायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? काळ्या कागदावर चिकटवून तो भोरला धाडला. खाली सही केली आडनाव आणि दोन आद्याक्षरं, जशी मी सगळीकडे करत असे. धनगरणीला एक प्रत पुढच्या फिरतीला ह्यांच्याबरोबर पाठवली. निरोप आला, "करडू लई झ्याक आलंय. म्या काय तशी न्हाई."

पंधरा दिवसांनी भोरहून पाकीट आलं. वर 'रा. रा.' आणि पुढे माझी आद्याक्षरं. रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, पुरुषांच्या नावाआधी लावायचं. हे पाकीट हातात धरून म्हणाले, "तुला बढती मिळाली." आत लिहिलं होतं की आपला फोटो निवडला आहे, आपण अवश्य यावे.

आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीने भोरला गेलो. सासूबाई का, तर त्यांनी आदल्या दिवसापासूनच लुगडं काढून ठेवलं होतं आणि कोणी विचारायची हिंमत केली नाही. शाळेच्या दारात मेळाव्याचे चिटणीस उभे होते. ते शाळेतले ड्रॉईंग मास्तर. हाताला अजून सरसाचा वास येत होता, कारण फोटो त्यांनीच चिकटवले होते. त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि रेशमी फीत घेऊन ह्यांच्या कोटाला लावायला पुढे झाले.

"मी नव्हे," हे म्हणाले. "ह्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग यादीकडे, मग परत माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाले. "चूक झाली, वहिनी," ते म्हणाले. "आम्ही धरूनच चाललो." त्यांनी फीत माझ्या हातात दिली. मी ती स्वतःच पदरावर टाचली.

दिवाणखान्यात चाळीसेक पुरुष होते. कोणाच्या डोक्याला पगडी, कोणाची काळी टोपी, प्रत्येकाच्या खांद्याला कॅमेरा. भिंतीवर मोठमोठे फोटो होते. किल्ले, कमानी, हातात काठी घेतलेले गृहस्थ. माझा पत्त्याच्या पानाएवढा फोटो कुठल्या तरी कोपऱ्यात असणार, असं मी मनाशी धरलं होतं. तो भिंतीच्या बरोबर मध्यावर होता, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, आणि दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी सोडली होती. मी तिथे जाऊन उभी राहिले. सासूबाई शेजारी येऊन म्हणाल्या, "करडू छान आलंय." धनगरणीसारखंच बोलल्या.

आम्ही पोहोचायच्या आधी, भल्या सकाळी सगळी मंडळी भाटघरच्या धरणावर फोटो काढायला जाऊन आली होती. दुपारी जेवणं झाली आणि परीक्षक भिंतीपाशी आले. ते पुण्याचे गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज मृदू. प्रत्येक फोटोपाशी थांबून बोलत. माझ्या फोटोपाशी ते बराच वेळ थांबले.

"हा इथला सर्वांत चांगला फोटो आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. हेच तर ऐकायचं होतं. मग ते वळले आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाले, "पण बाई, धुतला कुणी? यजमानांनी?"

"मीच धुतला," मी म्हटलं.

"बरं, बरं. कळ आपण दाबलीत हे मान्य. पण हे काम औषधाचं, अंधाराचं. नियम आहे म्हणून विचारतो."

आजूबाजूला कोणी कोणी हसले. हे पुढे होऊन म्हणाले, "अहो, मला त्या खोलीतला कंदीलसुद्धा लावता येत नाही." त्यावर आणखीच हसले, कारण बायकोला सांभाळून घेणारा नवरा सगळ्यांनाच गोड वाटतो. आणि मला भीती वाटली. फोटो भिंतीवरून काढतील याची नाही. फोटो भिंतीवर राहील, बक्षीसही मिळेल, आणि सगळे घरी जाताना म्हणतील, नवऱ्याने करून दिला हो. ती भीती. तसं झालं असतं तर मी इतका प्रवास उगाचच केला असता.

"खोली द्या," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "औषधं द्या. आत्ता धुऊन दाखवते."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि सरसाचे हात कोटाला पुसले. "नकाशांची खोली आहे," ते म्हणाले. "तिला खिडकी नाही." मेळाव्याचे दुसरे चालक एक डॉक्टर होते. ते लगेच उठले आणि आपल्या दवाखान्यातून औषधं, थाळ्या आणि तांबडा कंदील घेऊन आले. कोणी नदीचं पाणी आणलं. सगळं जमलं. मग मास्तरांनी विचारलं, "कुणाचा रोल संपलाय? सकाळचा?"

काय सांगू! चाळीस शूर पुरुष, पण प्रत्येकाचा हात आपापल्या पिशवीवर गेला. कोणाचा रोल अर्धाच झाला होता, कोणाचा घरी राहिला होता, एक जण तर मला प्यायला पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. मी परीक्षकांकडे बघत राहिले. शेवटी त्यांना समजलं की प्रश्न त्यांनीच काढलाय. त्यांनी खिशातून रोल काढला. देताना हात जरा अडखळला, पण दिला. एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मी आत शिरले. मास्तर नियमाप्रमाणे साक्षीला म्हणून कोपऱ्यात उभे राहिले. दार लागता लागता डॉक्टर घड्याळ काढून म्हणाले, "मी वेळ सांगतो."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. त्या दारापाशी आल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसल्या. "तिला माझ्या वेळेची सवय आहे."

आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं. भर सभेत, खणखणीत आवाजात. आतून मला काही दिसत नव्हतं, ह्यांनी नंतर सांगितलं ते असं. पहिल्या ओळीला लोक चपापले. दुसऱ्या ओळीला एकाने चपला काढल्या. पहिला पाठ संपेपर्यंत सगळी सभा हात जोडून उभी होती, कारण स्तोत्र चालू असताना बसून राहायचं तरी कसं? परीक्षकसुद्धा. त्यांना तर मनापासूनच हात जोडावेसे वाटले असतील.

मी आत पट्टी खालीवर ओढत होते. आधी घाई होत होती, पण बाहेरचा तो आवाज कानावर पडला आणि हात आपल्या वळणावर आले. दुसरा पाठ झाला तेव्हा कंदिलाच्या तांबड्या उजेडात धरणाची भिंत उमटली. मास्तर न राहवून पुढे वाकले. "अहो वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे तर सुरेख येतंय." तिसऱ्या पाठाचा शेवट झाला, मी पट्टी पाण्यात घातली, मग दुसऱ्या औषधात, मग पुन्हा पाण्यात, आणि दार उघडायला सांगितलं.

परीक्षकांनी पट्टी उजेडात धरली. आठातले सात फोटो अगदी स्वच्छ. आठव्यात धरणाच्या भिंतीमधून डॉक्टरांची टोपी आणि मिशा डोकावत होत्या, कारण परीक्षक पट्टी पुढे सरकवायला विसरून एकावर एक दोन फोटो काढून बसले होते.

"यात धुण्याची काही चूक नाही हो," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण बोलले.

त्यावर परीक्षकच हसत सुटले, अगदी चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. ही आणि मघाचीही." ते भिंतीपाशी गेले, आपल्या हाताने माझ्या फोटोखाली पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा फोटो या बाईंनी काढला आणि या बाईंनी धुतला." शब्द जवळपास तेच होते. मी इतके महिने मनात जे घोळवत होते तेच. मी रडले नाही. सासूबाई रडल्या.

संध्याकाळी समारोप झाला. आमच्याकडे सभा संपताना आभार मानायची पद्धत आहे, आणि आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात तीही पद्धत आहे. मास्तरांनी परीक्षकांचे आभार मानले, शाळेचे मानले, पाणी आणणाऱ्याचे मानले. लोक उठायला लागले. तेव्हा माझ्या मनात आलं, की यांचे कोण मानणार? आणि मी उभी राहिले.

"मला दोन शब्द बोलायचेत," मी म्हटलं. बाईचा आवाज ऐकून अर्धे उठलेले परत बसले. "मास्तरांनी आणि डॉक्टरांनी हा मेळावा भरवला. भिंतीला खिळे मारले, कागद कापले, आमच्यासारख्यांना खेड्यातून बोलावलं. त्याचे आभार सगळेच मानतील. मला दुसऱ्या गोष्टीचे मानायचेत. माझा फोटो पत्त्याच्या पानाएवढा होता. तो तुम्ही मध्यावर लावलात, तेव्हा तो कोणाचा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. आज सकाळी दारात माहीत झालं. त्यानंतर आत जाऊन तो फोटो कोपऱ्यात हलवणं काही अवघड नव्हतं. तुम्ही हलवला नाहीत. मी आत आले तेव्हा तो होता तिथेच होता. आणि मी खोली मागितली तेव्हा तुम्ही मला समजावत बसला नाहीत, खोली दिलीत. मला आयुष्यात समजावणारे पुष्कळ भेटले. खोली देणारे थोडे. त्याबद्दल मी तुमची फार, फार आभारी आहे."

एवढं बोलून मी बसले. टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही, पण त्या बराच वेळ चालल्या. मास्तर मान खाली घालून हाताचा सरस खरवडत होते. डॉक्टर मिशा पुसत होते. मला माझं बोलणं लांबलं की काय अशी शंका आली, पण हे मागून म्हणाले, "ठीक बोललीस." ते काही धाकाने म्हटल्यासारखं वाटलं नाही.

मग ग्रूप फोटोची गडबड उडाली. शाळेच्या पायऱ्यांवर सगळे उभे राहिले, पुढे खुर्च्या मांडल्या. परीक्षकांच्या शेजारची खुर्ची मास्तरांनी माझ्यासाठी ठेवली होती. फोटो काढणार कोण, यावर वाद सुरू झाला. चाळीस जणांकडे चाळीस कॅमेरे होते, पण जो काढील तो फोटोत येणार नाही, म्हणून कोणीच पुढे होईना. जो तो दुसऱ्याचं नाव सुचवायला लागला.

मी त्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर बसायची माझी फार इच्छा होती, हे कबूल करते. मग मी सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना तिथे बसवलं. "अगं, मी कशी बसू पुरुषांत?" म्हणाल्या, पण बसल्या, आणि बसल्यावर पाय जुळवून अशा ताठ झाल्या, की परीक्षकांनी आपली खुर्ची जरा सरकवून त्यांना ऐसपैस जागा करून दिली. मी माझी काळी पेटी घेऊन अंगणात मागे मागे गेले, सगळे जण वरच्या काचेत मावेपर्यंत.

"मागच्या रांगेतले जवळ या," मी म्हटलं. ते आले. "टोप्या सरळ करा." त्यांनी केल्या. "डॉक्टर, जरा डावीकडे." डॉक्टर सरकले. इतकी मोठमोठी माणसं इतक्या गुमान माझं ऐकतील असं मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तो फोटो आजही आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. आता त्यातले पुष्कळ जण राहिले नाहीत. नवीन कोणी घरी आलं की फोटोपाशी थांबतं आणि सगळ्या चेहऱ्यांवरून बोट फिरवून विचारतं, "तुम्ही बक्षीस मिळवलंत ना त्या मेळाव्यात? मग यात तुम्ही कुठे आहात?"

मी सांगते, ही सगळी माणसं जिकडे बघताहेत ना, तिथे.